खानदेशातील गिरण्यांच्या आवारांतून

मुंबईहून निघालेली गाडी थळ घाट चढून, नाशिक आणि मनमाड मागे टाकून चाळीसगावच्या सपाटीवर उतरली, म्हणजे रुळांच्या दोहों बाजूंची माती काळी होत जाते. आणि हंगाम कार्तिक-मार्गशीर्षाचा असेल, तर त्या काळ्या मातीवर कपाशीची उकललेली बोंडे क्षितिजापर्यंत पसरलेली दिसतात. हा देखावा अनादी आहे असा प्रवाशाचा समज होतो, परंतु त्याचे आजचे स्वरूप फार जुने नाही. खानदेशात कापूस पूर्वापार पिकत असला, तरी ज्वारी-बाजरीची राने मोडून मैलोगणती कपाशी लावावी अशी बुद्धी येथील रयतेला झाली ती १८६१ ते १८६५ या काळात, जेव्हा अमेरिकेतील उत्तर आणि दक्षिण संस्थानांत यादवी माजून लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस एकाएकी बंद झाला. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव ज्याच्या त्याच्या डोक्यात भिनला. त्याच सुमारास लोहमार्ग खानदेशात येऊन पोहोचला, आणि १८६५ साली थळ घाटाचे काम पुरे होताच जळगावची कापसाची गाठ बैलगाडीवाचून थेट मुंबईच्या गोदीपर्यंत जाऊ लागली. ॲशबर्नर नावाचे कलेक्टर त्या वेळी जिल्ह्यावर होते. आखूड धाग्याच्या गावठी वाणाऐवजी हिंगणघाटचे बी पेरावे म्हणून त्यांनी जी खटपट केली, तिची हकीकत जुन्या सरकारी दप्तरांत विस्ताराने आहे.

मी या खेपेस खानदेशात गेलो तो एक मर्यादित जिज्ञासा मनात धरून. ज्या मँचेस्टरच्या भुकेने खानदेशात कपाशीचे पीक फोफावले, तेथील अँकोट्स नावाच्या गिरणगावात आज लोक गिरण्यांतच राहतात. रॉचडेल कालव्याच्या काठी मरे बंधूंनी बांधलेल्या सूतगिरण्यांपैकी पहिली इमारत १७९८ च्या सुमाराची, वाफेच्या यंत्रावर चालणाऱ्या आणि अद्यापि उभ्या असलेल्या सूतगिरण्यांत अत्यंत जुन्यांपैकी एक. तिचे आणि तिच्या शेजारच्या इमारतींचे लाल विटांचे मजले जसेच्या तसे राखून आत सदनिका पाडल्या आहेत. अमेरिकेत लॉवेल शहरी बूट मिलच्या एका भागात संग्रहालय आहे आणि दुसऱ्या भागात बिऱ्हाडे. तेव्हा त्याच कापसाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे जेथे तो पिकला आणि पुढे जेथे तो कातला-विणलाही जाऊ लागला त्या जळगाव, अमळनेर आणि धुळे या गावी, गिरण्यांच्या इमारतींचे काय झाले, त्यांची घरे झाली की नाही, आणि झाली नसल्यास का, हे डोळ्यांनी पाहावे एवढाच हेतू होता.

जळगाव स्टेशनाच्या बाहेर पडले की शहर प्रवाशाच्या अंगावरच येते. रिक्षा, केळीच्या गाड्या, सुवर्णपेढ्यांच्या पाट्या, डाळमिलचे ट्रक, ठिबक सिंचनाच्या नळ्यांची वेटोळी. हे सारे वैभव स्टेशनाच्या आश्रयाने वाढले. लोहमार्ग येण्यापूर्वी जळगाव हा एक सामान्य कसबा होता. धरणगाव, एरंडोल, पारोळे ही गावे त्याच्याहून मातबर. लोहमार्गाने हा क्रम उलटा केला. अमेरिकेतील यादवीच्या वर्षांत येथे कापसाचा जो बाजार भरला त्याने नव्या पेठा वसल्या, गाठी बांधण्याचे प्रेस आले, १८६४ साली म्युनिसिपालिटी झाली, आणि पोलन नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाची पोलन पेठ तर आजही त्याच नावाने ओळखली जाते, जरी त्या पेठेतील दुकानदाराला पोलन कोण हे विचारले असता तो आपल्याकडेच चमत्कारिक मुद्रेने पाहतो.

१८६५ साली अमेरिकेतील युद्ध संपले, भाव कोसळले, आणि पुष्कळ व्यापारी बुडाले. परंतु प्रेस उरले, लोहमार्ग उरला, कापूस पिकविण्याची सवय उरली; आणि या उरलेल्या भांडवलावर १८७० नंतरच्या दशकात जळगावी कापडगिरणी निघाली. खानदेश स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल हे तिचे दप्तरी नाव, आणि मुंबईची मूळजी जेठा ही पेढी तिची चालक. मुंबईचा कापडबाजार ज्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, तेच हे मूळजी जेठा. जळगावच्या महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे. जमशेटजी टाटांनी कापूस पिकतो तेथेच गिरणी असावी या विचाराने नागपुरास एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत असते. हाच विचार त्याच दशकात जळगावीही एका पेढीला सुचला होता, हे मात्र जळगावकरांखेरीज फारसे कोणी सांगत नाही.

ही गिरणी शंभराहून अधिक वर्षे चालली. १९८० नंतरच्या दशकात तिचा भोंगा थांबला, कामगारांच्या देण्यांचा वाद न्यायकचेऱ्यांतून दीर्घकाळ फिरला, आणि स्टेशनालगतच्या त्या मोक्याच्या जागेवर आज खानदेश सेंट्रल नावाचे व्यापारी संकुल आहे. मी गेलो तेव्हा तेथे सरकत्या जिन्यावरून उतरणारी तरुण मंडळी होती, शीतपेयांची दुकाने होती, आणि रिक्षावाले अद्यापि ‘खानदेश मिल’ असाच पुकारा करीत होते. गिरणीची म्हणून ओळखता येईल अशी भिंत मला आढळली नाही.

येथे थोडा यांत्रिक तपशील देणे प्राप्त आहे, कारण माझ्या मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. सूत कातण्याचे साचे एकावर एक मजले चढवून ठेवता येतात. म्हणून अँकोट्सच्या इमारती उंच, अरुंद, आणि दोन्ही अंगांना ओळीने खिडक्या असलेल्या आहेत. अशा इमारतीत आडव्या भिंती घातल्या की प्रत्येक बिऱ्हाडाला खिडकी मिळते आणि घर तयार होते. मागाचे तसे नाही. शेकडो माग एकदम चालू लागले म्हणजे त्यांच्या धक्क्याने वरचे मजले हादरतात. म्हणून विणाईखाते जमिनीवरच, एकमजली आणि विस्तीर्ण बांधावे लागते. इतक्या विस्तीर्ण खोलीच्या मध्यभागी बाजूच्या खिडक्यांचा उजेड पोहोचत नाही, म्हणून छपरच करवतीच्या दात्यांप्रमाणे उभे-तिरपे करून त्याच्या उभ्या अंगाला काचा बसवितात, आणि त्या काचा उत्तरेकडे तोंड करून असतात. कारण उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, त्यात ऊन येत नाही, आणि धागा तुटला तर कामगाराला तो चटकन दिसतो. शिवाय सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून आत दमट हवा राखावी लागते. मागाला जे मानवते ते माणसाच्या बिऱ्हाडाला मानवत नाही. वरून उजेड, बाजूला आंधळी भिंत, दमट हवा आणि एक एकर पसरलेली एकच खोली: अशा वास्तूत पंचवीस घरे पाडावयाची, तर मधल्या घरांना आकाशाखेरीज दुसरी खिडकी नाही. तेव्हा खानदेशात गिरणी बंद पडली की तिची इमारत विकली गेली नाही, तिची जमीन विकली गेली; लोखंडी खांब आणि तुळया भंगारात, सागवानी लाकूड वखारीत, आणि विटा गाडीभर भावाने गावाच्या चारी दिशांना.

अर्थात केवळ वास्तुरचनेलाच दोष देणे योग्य होणार नाही. नगर जसे वाढते तशी त्याच्या पोटातील जमीन महाग होते, आणि स्टेशनालगतच्या जमिनीचा भाव एकदा कापडाच्या नफ्यावर चढला, की कोणती इमारत टिकावी याचा निर्णय विणकर करीत नाही. नागपुरात एम्प्रेस मिलच्या जागेवर एम्प्रेस सिटी उभी राहिली ती याच न्यायाने. मुंबईत १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनींचा प्रश्न इतका चिघळला, की १९९१ च्या नियमावलीत त्या जमिनीचे पालिका, गृहनिर्माण मंडळ आणि मालक असे तीन वाटे करण्याची तजवीज झाली. पुढे तीत फेरफार झाले, वाटे आकसले, तरी गिरणी कामगारांसाठी घरांच्या सोडती निघाल्या. पण ती नियमावली बृहन्मुंबईची. जळगावच्या किंवा अमळनेरच्या कामगाराने तितक्याच पाळ्या भरल्या, तितकाच कापूस छातीत घेतला, तरी त्याच्या वाट्याला सोडत नाही.

जळगावच्या कामगारांचे नाव कायद्याच्या इतिहासात मात्र आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असावे. बोनसच्या प्रश्नावर १९५० साली मुंबईच्या अपील न्यायाधिकरणाने एक सूत्र घालून दिले होते: ढोबळ नफ्यातून घसारा, जुनी यंत्रे बदलण्यासाठीची राखीव रक्कम, भांडवलावरील व्याज वजा करावे, आणि जे उरेल त्यातून कामगारांना वाटा द्यावा. साहजिकच यंत्रे बदलण्याची रक्कम जितकी मोठी दाखवावी, तितका बोनस लहान होई. खानदेश स्पिनिंग मिल विरुद्ध राष्ट्रीय गिरणी कामगार संघ, जळगाव, या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली असे ठरविले, की ताळेबंदात लिहिले आहे एवढ्यावरून कोणतीही रक्कम सिद्ध झाली असे होत नाही. ती पुराव्याने शाबीत केली पाहिजे आणि कामगारांच्या बाजूला उलटतपासणीची संधी मिळाली पाहिजे. पुढे बोनसच्या खटल्यांत वकील या निवाड्याचा आधार घेत राहिले. खानदेश सेंट्रलच्या आवारात या गोष्टीची एखादी पाटी असती तर मला आवडले असते.

जळगावहून अमळनेरला जाण्यास सुरतेकडे जाणारी गाडी धरावी लागते. तापीच्या खोऱ्यातून सुरतेहून येणारा लोहमार्ग आणि जळगावहून जाणारा फाटा यांची गाठ अमळनेरास १९०० साली पडली, आणि त्याच वर्षी चाळीसगावहून धुळ्याचा फाटाही सुरू झाला. वाटेत धरणगाव लागते. येथे लेफ्टनंट औट्रमने १८२५ साली भिल्लांची पलटण उभी केली, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु १८५५ च्या सुमारास सरकारने याच गावी करवती जिनांचा एक कारखानाही घातला होता. अमेरिकेतील कापसावर उत्तम चालणारे हे यंत्र येथील आखूड धाग्याचे तुकडे करी, आणि अखेरीस सर्वत्र रुळाच्या जिनांनाच मान मिळाला. सरकी वेगळी काढणारे ते रूळ आजही खानदेशातील प्रत्येक जिनात दिवाळीपासून चैत्रापर्यंत फिरतात. उरलेले सहा महिने आवारात कुत्री झोपतात.

अमळनेर हे बोरी नदीच्या काठचे, सखाराम महाराजांच्या वैशाखी यात्रेचे गाव. लोहमार्ग आल्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात येथे प्रताप मिल निघाली. तिचे संस्थापक मोतीलाल माणेकचंद ऊर्फ प्रतापशेठ. गिरणीमालकाला मंदिर, धर्मशाळा, शाळा बांधण्याची इच्छा व्हावी यात नवल नाही. परंतु प्रतापशेठांनी १९१६ साली वल्लभदास शेठांच्या साहाय्याने तत्त्वज्ञान मंदिर स्थापन करून अद्वैत वेदान्ताच्या चिंतनासाठी विद्वानांना निवास, ग्रंथालय आणि वेतन यांची सोय करून दिली. साच्यांच्या घरघराटापासून हाकेच्या अंतरावर जगन्मिथ्यात्वाची चर्चा चालावी, आणि तिचा खर्च त्याच साच्यांनी सोसावा, हा योग खानदेशातच जुळला. कलकत्त्याचे कृष्णचंद्र भट्टाचार्य येथे काही काळ होते. घनश्यामदास मलकानींनी तर आयुष्याची उमेद येथेच घालविली. १९२३ साली या मंदिरात शिकावयास आलेला एक कोकणी तरुण वर्षभरात गावच्या शाळेत शिक्षक झाला, छात्रालयातील मुलांची अंथरुणे घालू लागला, आणि १९३० साली नोकरी सोडून कायदेभंगात गेला. साने गुरुजी ते हेच. १९३८ मध्ये ‘काँग्रेस’ साप्ताहिक त्यांनी याच गावातून काढले, आणि शेतकरी-कामगारांची गाऱ्हाणी त्यात छापली.

प्रताप मिलचे आजचे रूप पाहताना मला एक गोष्ट विशेष जाणवली. गिरणी बंद पडली, तरी ‘मिल कंपाउंड’ हा शब्द पत्त्यातून गेला नाही; पोस्टमन त्या शब्दावरूनच घर शोधतो. कामगारांच्या जुन्या खोल्यांची ठेवण सगळीकडे एकच असते: पुढे ओटा, आत दोन दालने, मागे मोरी, आणि पाठीला पाठ लावून दुसरी ओळ. बाहेरून आता कोणी फरशी बसविली, कोणी स्लॅब टाकला, कोणी ओट्यावर लोखंडी जाळी घालून दुकान काढले. परंतु ओळ मोडली नाही, दारे अजून समोरासमोर आहेत, आणि संध्याकाळी ओट्यावर बसण्याची रीतही मोडली नाही. भोंग्याच्या आवाजाने सारे गाव उठत असे, असे वृद्ध माणसे अहिराणीत सांगतात, आणि ते सांगताना पाळीच्या वेळा अशा बिनचूक म्हणतात की उद्या सकाळी सातला पुन्हा कामावर जावयाचे आहे असे वाटावे. गिरणीची इमारत ज्यांना घर म्हणून कधीच मिळाली नसती, त्यांची घरे गिरणीपेक्षा अधिक टिकाऊ ठरली, आणि हीच गोष्ट मला अँकोट्सच्या सदनिकांहून अधिक विचारात पाडते. तेथे भिंती राहिल्या आहेत, पण त्या भिंतींत खपलेल्यांचे वंशज त्या भाड्यात राहू शकत असतील असे दिसत नाही.

याच अमळनेरात १९४५ च्या डिसेंबरात नोंदलेल्या वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या कंपनीने वनस्पती तुपाचा कारखाना काढला. सरकी आणि भुईमूग यांचा हा मुलूख. तेव्हा कंपनीचे संस्थापक महंमद हाशम प्रेमजी यांची ही निवड समंजस होती. पुढे कंपनीचे नाव विप्रो झाले. या कंपनीचे भाग ज्यांनी स्वस्तात घेऊन ट्रंकेत ठेवले ते गावकरी कसे श्रीमंत झाले, याच्या कथा अमळनेरात प्रत्येक चहाच्या दुकानात ऐकावयास मिळतात, आणि सांगणाऱ्याने मात्र आपले भाग हमखास अगोदरच विकलेले असतात.

अमळनेरहून पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. पारोळ्याचा भुईकोट रस्त्यावरून ओझरता दिसतो. तेथे उतरावयास सवड झाली नाही.

धुळे हे गाव वसविलेले आहे, आणि वसविण्याची रीत येथे सांगितलीच पाहिजे. पेशवाई बुडाल्यावर १८१८ साली कॅप्टन ब्रिग्ज खानदेशात आला तेव्हा मुलूख दुष्काळाने, होळकरांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीने उद्ध्वस्त झालेला होता. आग्रा रस्त्यावर आणि पांझरेच्या काठी असलेले धुळे त्याने १८१९ मध्ये ठाण्यासाठी निवडले, आणि नव्या पेठेत घर बांधील त्याला जागा कायमची बिनभाड्याने, शिवाय बांधकामासाठी सरकारातून उचल, असा कौल दिला. ज्याने पुढे फिरिश्त्याचा फारसी इतिहास इंग्रजीत आणला तोच हा ब्रिग्ज. धुळ्याच्या त्या सरळ, समांतर, क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांतून हिंडताना या कौलाची फलश्रुती ध्यानात येते: घराला जागा फुकट दिली की शहर आपोआप वसते.

लोहमार्ग १९०० साली आला आणि त्याच्या मागून कापडगिरणी आली. न्यू प्रताप मिल हे तिचे नाव. ब्रिग्जची पेठ जशी नदीकाठी सरकारी कौलाने वसली, तशी गिरणीभोवतीची वस्ती पाळीच्या सोयीने वसली. आणि गिरणीचे चाक थांबल्यानंतरही त्या भागाला ‘मिल परिसर’ असेच म्हणतात. तेथे आज शाळा आहेत, किराणा दुकाने आहेत, वसाहतींच्या पाट्या आहेत. १९७४ च्या कायद्याने देशातील १०३ आजारी गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्यांत चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिलही होती. परंतु कागद सरकारचे झाले म्हणून यंत्रे नवी होत नाहीत. कृत्रिम धागा आला, स्वस्त यंत्रमाग आले, आणि कातणे, विणणे, रंगविणे एकाच छपराखाली करणाऱ्या अवाढव्य गिरण्यांचा काळ सरला.

तो यंत्रमाग पाहावयाचा तर धुळ्याच्या मोमीन मोहल्ल्यात जावे. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेकडे आलेली विणकर कुटुंबे मालेगाव, धुळे, भिवंडी येथे स्थिरावली. हातमागावर लुगडी विणता विणता पुढे त्यांनी मोठ्या गिरण्यांनी मोडीत काढलेले माग विकत घेऊन घरात बसविले. म्हणजे गिरणीचे घर होण्याऐवजी येथे घराचीच गिरणी झाली. पुढच्या दालनात चार किंवा सहा माग, मागच्या दालनात चूल, वर पोटमाळ्यावर सुताची पोती आणि झोपावयाची जागा. सहा मागांच्या खडखडाटात मालकाशी बोलावयाचे तर त्याच्या कानाशी ओरडावे लागते. त्याच आवाजात पाळण्यातील मूल निवांत झोपलेले असते, आणि वीज गेली की ते दचकून उठते, असे त्याची आजी हसत हसत सांगत होती.

एका गल्लीत मात्र मला हवे होते ते अनपेक्षितपणे सापडले. सुताचे भाव आणि कापडाचे भाव यांचा मेळ बसेना म्हणून एका मालकाने आपले माग वजनावर विकले होते, आणि त्या दालनाच्या मध्यभागी प्लायची भिंत घालून दोन भाडेकरू ठेवले होते. फरशीत मागांचे बोल्ट ज्या भोकांत बसत ती भोके ओळीने तशीच होती. एका बाईने त्यांतील दोन भोकांत खुंट्या ठोकून दोरी ताणली होती आणि तिच्यावर शाळेचे गणवेश वाळत होते. छपराच्या तुळईला जेथे पूर्वी पट्ट्याची कप्पी होती तेथे पंखा टांगला होता. खानदेशात मी पाहिलेले कारखान्याचे खरेखुरे झालेले घर ते हेच, दहा फूट बाय बारा फूट. भोके बुजवून का घेत नाही, असे मी मालकाला विचारले. तो म्हणाला की सुताचा भाव उतरला तर पुन्हा दोन माग बसविण्याचा विचार आहे. कारखान्याच्या दराचा वीजमीटर त्याने अजून चालू ठेवला होता, आणि भाडेकरूंना त्यावरूनच वीज दिली तर चालते का, असा उलट प्रश्न त्याने मला केला. मी वकील नाही, असे सांगितल्यावर त्याने चहा मागविला.